गल्लीतल्या बारक्या बातम्या व्हॉट्सॲपवरच राहू द्यायच्या की उघड्यावर ब्लॉग लिहायचा?

वडगावकर
केंब्रिजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या कॉफीच्या भांड्याचा किस्सा बऱ्याच जणांना माहीत असेल, नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ट्रोजन रूम नावाच्या खोलीबाहेर कॉफीचं मशीन होतं, दुसऱ्या मजल्यांवरनं माणसं जिने उतरून-चढून यायची आणि भांडं रिकामं बघून परत जायची, म्हणून १९९१ मध्ये तिथल्या लोकांनी भांड्यावर कॅमेरा रोखला आणि आपापल्या स्क्रीनवर त्याचं चित्र बघायला लागले. १९९३ मध्ये ते वेबवर आलं आणि जगभरातली माणसं भांडं भरलंय की रिकामं हे बघू लागली. ऑगस्ट २००१ मध्ये कॅमेरा बंद केला, मशीन लिलावात ३,३५० पौंडांना गेलं. ह्यातली सुरुवातीची सगळी गोष्ट मला बेळगावच्या वडगावात बसून कशी कळतेय? कॅमेरा जोडणाऱ्यांपैकी एकानं, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझरनं, १९९५ मध्येच साध्या भाषेत लिहून ते वेबवर ठेवलं म्हणून.

आता आपल्याकडचं बघा. ३१ डिसेंबरला बेळगावात ओल्डमॅन जाळतात. गल्लीतली पोरं गवत, जुने कपडे, फटाके भरून म्हातारा उभा करतात आणि बाराच्या ठोक्याला पेटवतात, बाहेरगावच्या माणसाला सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो आणि चार ओळी येतात. पण सांगाडा कशाचा करायचा, वर्गणी कुणी मागायची, कुठल्या साली कुणाचा म्हातारा आदल्याच रात्री दुसऱ्या गल्लीनं पेटवला, ही खरी गंमत कुठाय? गल्लीच्या ग्रुपवर. म्हणजे कुठंच नाही. दिवाळीतल्या किल्ल्यांचं तेच, येळ्ळूरच्या यात्रेतल्या कुस्त्यांचं तेच.

माझं म्हणणं सरळ आहे. आपण सीमाभागातली मराठी माणसं रोज ढिगानं लिहितो, पण सगळं बंद खोलीत. त्यातलं निम्मं जरी उघड्या ब्लॉगवर, तारीख टाकून, शोधल्यावर सापडेल असं लिहिलं तर लै मोठं काम होईल.

खानापूर_रोड
दादा, वाचणार कोण? मी ब्लॉगवर मलप्रभेच्या उगमाबद्दल, कणकुंबीबद्दल, मन लावून लिहिलं होतं. कुणी फिरकलं नाही. तेच कॉपी करून गावच्या ग्रुपवर टाकलं तर सकाळपर्यंत पुण्यामुंबईत गेलेली पोरं फोन करायला लागली, एकजण तर माझ्या आज्ज्याला ओळखणारा निघाला. माणसं जिथं बसतात तिथंच बोलायला पायजे. तुम्ही म्हणता ती बंद खोली आमच्यासाठी गावचा पार आहे, आणि पारावरच्या गप्पा कुणी दप्तरात नोंदवून ठेवत नाही, म्हणून त्या फुकट गेल्या असं होत नाही.

अनगोळची_सून
खानापूर दादा, तुमचं नाव तरी राहिलं. मी मांड्यांवर लिहिलं होतं, सासूबाई लग्नाच्या घरी मांडे करायला जायच्या त्याबद्दल, पीठ किती वेळ मळायचं, हातावर कसा वाढवायचा, साखर कुठं फुटते, सगळं. चार महिन्यांनी तेच माझ्याच माहेरच्या ग्रुपवर आलं, खाली भलत्याच बाईचं नाव आणि वर ते दोन बाण, खूपवेळा फॉरवर्ड झालेलं असं दाखवणारे. मी सांगितलं की हे माझं आहे, तर एकीनं विचारलं, पुरावा काय? आणि माझ्याकडं खरंच काही नव्हतं हो, फोन बदलला तेव्हा जुने मेसेज गेले. २०२० पासून असले मेसेज एकावेळी एकाच चॅटला पाठवता येतात, तरी पोचायचं ते पोचलंच. ब्लॉगवर असतं तर तारखेसकट लिंक तोंडावर टाकली असती. माझं मत वडगावकरांना.

वाचनालयातला
ब्लॉगवाल्यांचा हा भाबडेपणा मला पटत नाही. उघड्यावर लिहिलं की टिकतं हे कुणी सांगितलं? जिओसिटीज याहूनं १९९९ मध्ये विकत घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बंद केलं, लाखो लोकांची घरची पानं होती त्यावर. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद. गूगल प्लस २०१९ मध्ये बंद. मायस्पेसनं २०१९ मध्ये कबूल केलं की सर्व्हर हलवताना लोकांनी बारा वर्षं चढवलेली गाणी गेली. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये तपासलं तर २०१३ साली असलेल्या वेब पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. आणि तुमचा फुकटचा ब्लॉग तरी कुणाच्या जागेत आहे? गूगलच्याच ना, ब्लॉगर त्यांनी २००३ मध्ये घेतलं, उद्या नको झालं तर बंद करतील.

आपल्या बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून आहे. लिहायचंच असेल तर कागदावर छापा, पन्नास प्रती काढा, दोन वाचनालयांना द्या. कागद वाचायला चार्जर लागत नाही.

शहापूर_डीटीपी
सर, कागदाबद्दल मान्य, पण छपाईतला माणूस म्हणून सांगतो, कागदावर जायच्या आधी जे टाइप झालं त्याची अवस्था बघा. आमच्या धंद्यात वर्षानुवर्षं यात्रेच्या, मंडळांच्या, शाळांच्या स्मरणिका पेजमेकर नावाच्या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमध्ये जुन्या फॉन्टात केल्या गेल्या. त्या फॉन्टात मराठी अक्षर म्हणजे आतून इंग्रजीचाच कोड, वरनं चेहरा तेवढा मराठी. फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की नुसती चिन्हं, आणि गूगलला त्यातलं येळ्ळूरच्या देवीचं ‘चांगळेश्वरी’ हे नाव कधीच सापडणार नाही. कन्व्हर्टर आहेत, पण ऱ्हस्व वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते, रफार उडतो, जोडाक्षरं फुटतात, मग ओळ न् ओळ हातानं तपासावी लागते. छापलेल्या प्रती गिऱ्हाईक घेऊन गेलं, किती घरात शिल्लक आहेत देव जाणे. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा कोड असलेल्या पद्धतीत, लिहिलेलं निदान उद्या दुसरीकडं जसंच्या तसं उचलता येतं. फुकटच्या ब्लॉगवरनंसुद्धा सगळा मजकूर एका फाइलीत उतरवून घेता येतो, आणि वेबॅक मशीन म्हणून जुनी वेब पानं जपून ठेवणारी साइट आहे, तिथं पान जमा करायला दोन मिनिटं लागतात. जिओसिटीजचीसुद्धा बरीच पानं लोकांनी धावपळ करून तशीच वाचवली, ती आजही बघता येतात. म्हणून छापा बी आणि उघड्यावर ठेवा बी.

वाचनालयातला
बरीच वाचवली, सगळी नाही. आणि वेबॅक मशीन ही पण एक संस्थाच आहे. तुमची साखळी प्रत्येक ठिकाणी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे एवढंच माझं म्हणणं.

निपाणी_नाका
मी वेगळ्या कारणानं विरोधात आहे. इथं उघड्यावर मराठीत लिहिणं म्हणजे काय होतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांबद्दल लिहा नाहीतर तळ्यातल्या बदकांबद्दल लिहा, तिसऱ्या कॉमेंटला सीमाप्रश्न येतो, बेळगाव का लिहिलं, बेळगावी का नाही लिहिलं, मग दोन्हीकडनं आईबापाचा उद्धार. माझ्या एका लेखाखाली हे झालं, आणि ज्या म्हाताऱ्या बाईबद्दल लिहिलं होतं तिच्या नातवानं मला हात जोडून लेख काढायला लावला. बाई बिचारी वाचत पण नाही. ग्रुपवर शंभर ओळखीची माणसं असतात, कुणी वेडंवाकडं बोललं तर दुसऱ्या दिवशी चौकात तोंड दाखवायचं असतं, तेवढी लाज असते. दुसरं म्हणजे बारक्या बातम्या म्हणजे शेवटी माणसंच की ओ. कुणाची म्हैस कुणाच्या रानात गेली हे वाचायला गोड लागतं, खरं त्या माणसाचं नाव कायमचं गूगलवर बसतं.

वडगावकर
निपाणी दादा, तुमचा मुद्दा सगळ्यात जड आहे, आणि तरी मी मागं हटत नाही. नावं घालायची गरज नसते, म्हशीची गोष्ट म्हशीवर सांगता येते, आणि ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला आधी विचारायचं हा नियमच पायजे. कॉमेंट बंद ठेवता येतात, मी तर म्हणतो ठेवाव्यातच. पण भांडणाच्या भीतीनं आपण गप्प बसलो तर बेळगाव म्हटल्यावर नेटवर काय उरतं? मोर्चा, दगडफेक, कोर्टाची तारीख. इथं माणसं रोज जगतात, भात लावतात, किल्ले करतात, म्हातारा जाळतात हे कुणाला दिसणारच नाही. ते मला सहन होत नाही.

येळ्ळूर_शिवार
मी लेखक नाही, शेतकरी आहे. बळ्ळारी नाल्याचं पाणी पावसाळ्यात शिवारात घुसतं, भात कुजतं, हे नवीन नाही. फोटो सगळ्यांच्या मोबाइलात आहेत. खरं अर्ज करायच्या वेळी कुठल्या साली कुठंपर्यंत पाणी आलं, किती दिवस राहिलं, ह्यावर चार माणसं चार गोष्टी सांगतात. व्हॉट्सॲपवरनं आलेल्या फोटोत तो कधी आणि कुठं काढला ही माहिती पण राहत नाही, ती जाताना गळून पडते, हे मला पोरानं दाखवलं. जर कुणी दरवर्षी नुसतं तारीख, जागा, पाणी किती फूट एवढं लिहून ठेवलं असतं, शुद्धलेखन गेलं खड्ड्यात, तरी ते हापिसात टेबलावर ठेवता आलं असतं. तुमच्या ओल्डमॅनचं मला माहीत नाही, ह्याच्यासाठी ब्लॉग पायजे.

खानापूर_रोड
काका, हे पटलं. नोंदीसाठी ब्लॉग चालेल. पण गोष्टी पारावरच.

हिंदवाडी_आई
सगळे लिहिण्यावर बोलताय, वाचण्यावर कोण बोलणार? माझी दोन्ही मुलं इंग्रजी माध्यमात आहेत, शाळेत कन्नड आहे, मराठी घरात बोलतात ते झकास, पण देवनागरीतलं लांबलचक वाचायला दिलं तर दुसऱ्या परिच्छेदाला कंटाळतात. शेजारच्या घरात पण हेच. आजोबा ओल्डमॅनची गोष्ट सांगायला लागले की मात्र मोबाइल ठेवून ऐकतात. मग मला सांगा, लिहून कुणासाठी ठेवायचं? मी सासऱ्यांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायला लागलेय, तेच मला जास्त खरं वाटतं. आपली बोली लिहिताना आपणच ती पुस्तकी करून टाकतो, आवाजात तसं होत नाही.

शहापूर_डीटीपी
ताई, आवाज ठेवाच. पण तासाभराच्या रेकॉर्डिंगात मांड्यांचा उल्लेख कितव्या मिनिटाला आहे हे शोधायचं कसं? खाली पाच ओळी लिहा, कोण बोलतंय, कुठल्या गल्लीबद्दल, साधारण कुठल्या सालातलं. बोलीतच लिहा, कोण फूटपट्टी घेऊन बसलंय?

अनगोळची_सून
आणि मुलं आज वाचत नाहीत म्हणजे तिशीत वाचणार नाहीत असं थोडंच आहे ताई. मी स्वतः लग्नानंतर वाचायला लागले.

निपाणी_नाका
वडगावकर, कॉमेंट बंद ठेवल्या तरी स्क्रीनशॉट काढून दुसरीकडं भांडतात, ते तुमच्या हातात नाही. मी माणसांबद्दल लिहिणार नाही हे पक्कं. वखारी कशा चालायच्या, पानं कशी वाळवायची, भाव कसा ठरायचा, एवढं लिहीन, आणि ते पण त्या बाईच्या नातवाला आधी दाखवून. त्यानं नको म्हटलं तर नाही.

येळ्ळूर_शिवार
पाण्याचं आम्ही यंदाच सुरू करतो. कुणीतरी पहिलं पान कसं करायचं ते रविवारी येऊन दाखवा, संध्याकाळी चारनंतर, त्याआधी रानात असतो.