ॲक्वा टीन हंगर फोर्स: एक भाग जबरदस्त, पुढचे तीन फुसके, असं का होतं?

एडिसनवासी

नमस्कार मंडळी. गेला दीड महिना रात्री पोरं झोपली की मी ॲक्वा टीन हंगर फोर्स ही अमेरिकन कार्टून सिरीज बघतेय, ऑफिसातल्या मैत्रिणीने नाद लावला. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मास्टर शेक म्हणजे मिल्कशेकचा पेला, फ्रायलॉक म्हणजे दाढीवाला फ्रेंच फ्राइजचा डबा आणि मीटवॉड म्हणजे खिम्याचा गोळा, हे तिघं न्यू जर्सीत एका घरात राहतात आणि शेजारी कार्ल म्हणून एक टक्कल पडलेला माणूस, बनियन, ट्रॅक पँट, पायात स्लिपर, आणि जीव की प्राण असलेला त्याचा स्विमिंग पूल. अकरा-अकरा मिनिटांचे भाग. मोठ्यांसाठीचं आहे, शिव्या आहेत, रक्त आहे, मुलांसमोर लावू नका.

तर मला हे मनापासून आवडतंय आणि तितकाच वैतागही येतोय. ब्रूडविचचा भाग बघताना मी उशीत तोंड खुपसून हसले, कारण बाजूला धाकटी झोपलेली. नरकातल्या गव्हाचं सैतानी सँडविच, एकेक घास घेतला की शेक दुसऱ्याच कुठल्या तरी काळोख्या जगात जातो, तिथे कुऱ्हाड घेऊन कोणीतरी वाट बघतंय, एवढं सगळं होऊन याचं अडतं कुठे तर आत उन्हात सुकवलेले टोमॅटो आहेत आणि ते याला आवडत नाहीत! माझ्या घरी दोन मुलं ताटातला टोमॅटो बाजूला काढून ठेवतात, अगदी तोच चेहरा, तोच हट्ट.

आणि त्यानंतर सलग तीन भाग असे बघितले की ओठसुद्धा हलला नाही. आरडाओरडा, कोणाचं तरी डोकं फुटतं, भाग संपला. लिहिणारे तेच, आवाज तेच, मग एवढा फरक का पडतो? आणि पुढे बघत राहू का सोडून देऊ? प्लीज जरा सविस्तर सांगा, "आपापली आवड" एवढंच नको.

रात्रपाळी

ताई, मी ही सिरीज तीनदा पहिल्यापासून पाहिली आहे म्हणून थोडं लांबण लावतो.

ही कुठून आली ते बघा. डेव्ह विलिस आणि मॅट मायेलारो हे दोघं आधी स्पेस घोस्ट कोस्ट टू कोस्टवर काम करायचे, तिथे हॅना-बार्बेराच्या जुन्या सुपरहिरो कार्टूनची चित्रं कापून-चिकटवून टॉक शो बनवायचे, पैसे कमी, मोकळीक भरपूर. शेक वगैरे मंडळी त्यातल्याच एका भागासाठी बर्गरच्या दुकानाची जाहिरात-पात्रं म्हणून सुचली होती. मग यांचा पहिला भाग ३० डिसेंबर २००० ला भल्या पहाटे दाखवला आणि सप्टेंबर २००१ मध्ये ॲडल्ट स्विम, म्हणजे कार्टून नेटवर्कवरचा मोठ्यांसाठीचा रात्रीचा कार्यक्रम, सुरू झालं तेव्हा सिरीज रीतसर सुरू झाली. सुरुवातीला हे तिघं म्हणे गुन्हे शोधणारे डिटेक्टिव्ह. तुम्ही पहिले भाग पाहिलेत म्हणजे लक्षात आलंच असेल की ते प्रकरण थोड्याच भागांत गुंडाळून टाकलं. आणि ते बरंच झालं, पण त्याचा अर्थ असा की त्यानंतर गोष्टीला काही चौकटच उरली नाही, केस सोडवायची नाही, कुठे पोचायचं नाही, गेल्या आठवड्यात मेलेला माणूस या आठवड्यात परत दारात उभा. दर वेळी अकरा मिनिटं शून्यातून उभी करायची. ज्या दिवशी जमतं त्या दिवशी आभाळाला हात लागतात, नाही जमलं तर सावरून घ्यायला गोष्टच नसते.

मला विचाराल तर जमलेल्या भागांची एक खूण आहे, जग कितीही खुळं झालं तरी आत कोणीतरी एक जण अगदी क्षुल्लक गोष्टीसाठी जीव टाकत असतो. तुमचा टोमॅटो तोच. कार्लचा पूल, कार्लची गाडी, कार्लची मॅच. मूनिनाइट्स आठवा, चंद्रावरून आलेले ते दोन चौकोनी ठिपक्यांचे प्राणी, जुन्या व्हिडिओ गेममधून उचलल्यासारखे चपटे. आव असा की विश्वाचे मालक, आणि सोडलेली गोळी इतकी हळू येते की माणूस चहा करून येईल, आणि ती येत असताना हे दोघं अत्यंत गंभीरपणे सांगत असतात की आता सुटका नाही. त्यांना स्वतःच्या मोठेपणाची काळजी आहे, खरीखुरी. म्हणून हसू येतं. फुसक्या भागांत सगळेच वेडे असतात आणि कोणालाच कशाचं काही पडलेलं नसतं.

याच मूनिनाइट्सवरून ३१ जानेवारी २००७ ला बोस्टनमध्ये केवढा गोंधळ झाला होता. याच सिरीजच्या सिनेमाच्या जाहिरातीसाठी त्यांच्या आकाराचे दिव्यांचे बोर्ड पुलाखाली वगैरे लावले, लोकांना वाटलं बॉम्ब, रस्ते बंद, शेवटी चॅनेलची मालक कंपनी टर्नर आणि जाहिरात करणाऱ्या मार्केटिंग कंपनीला मिळून २० लाख डॉलर भरावे लागले. असो.

सोडू नका. फक्त एका रात्री दोनच्या वर बघू नका, तिसऱ्या भागाला कान बधिर होतात.

वगनाट्यवेडा

रात्रपाळी, तुमचं वाचून मला एकदम गवळण आठवली. मी लहानपणी वडिलांबरोबर जत्रेतले तमाशे खूप पाहिलेत, तंबूत पुढे बसून. गवळणी मथुरेच्या बाजाराला निघाल्यात, साक्षात कृष्ण वाट अडवून उभा आहे, आणि मावशीला चिंता कसली तर डोक्यावरच्या मडक्याची आणि स्वतःच्या वयाची! देव समोर उभा आहे हे तिच्या गावीही नाही, ती आपली हुज्जत घालतेय. तंबू डोक्यावर घ्यायची माणसं. ब्रूडविच मी पाहिलेला नाही पण ताईंनी सांगितलेला टोमॅटो म्हणजे मावशीचं मडकंच झालं की.

आणि कमी-जास्त होण्याचं म्हणाल तर ते पण तिथलंच. वगाची संवादांची वही नसायची पूर्वी, कथा ठरलेली आणि बोलणं तिथल्या तिथे, सोंगाड्याच्या हजरजबाबीवर सगळं. तोच वग, तीच माणसं, एका गावात लोक गडाबडा लोळतात आणि दुसऱ्या गावात पहाटेपर्यंत नुसती ढोलकी ऐकायची. वडील म्हणायचे सोंगाड्या कितीही उड्या मारू दे, समोरचा पाटील किंवा राजा ताठ उभा राहिला पाहिजे, तोच हसायला लागला की खेळ गेला. फ्रायलॉक म्हणजे तो पाटील का? मी आज रात्री बघायला घेतो.

खारीबटर

फ्रायलॉक पाटील बरोबर आहे, पण माझा एक मुद्दा वेगळा आहे आणि तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. सगळे फुसके भाग "जमले नाहीत" म्हणून फुसके नाहीत, काही नुसते क्रूर आहेत. हँडबनाना नावाचा भाग आहे, त्यात कुत्रा कार्लवर लैंगिक अत्याचार करतो, वारंवार, आणि कोणी कार्लवर विश्वास ठेवत नाही, हाच अख्खा विनोद. खूप लोकांचा तो आवडता भाग आहे. मला तो बघवत नाही. कार्ल लंपट आहे, तोंडाळ आहे, पण त्याला काही होतं तेव्हा हसू यावं यासाठी त्याचा वैताग खरा वाटला पाहिजे आणि आपण थोडे तरी त्याच्या बाजूने असलो पाहिजे. नंतर नंतर त्याचा प्रत्येक भागात नुसता खिमा होतो आणि लेखकांचं त्याच्यावर प्रेम आहे असं वाटेनासं होतं.

प्रेम कुठे दिसतं सांगू? मीटवॉडमध्ये. त्याला रूप बदलता येतं, पण बदलून होतो काय तर हॉट डॉग आणि इग्लू. त्याच्या बाहुल्या घरातल्या केरातल्या, पुठ्ठ्याची नळी, एक खोकं, आणि तो त्यांना नावं देऊन त्यांच्याशी तासन्‌तास बोलतो, आपण बोळक्यांत खोटा खोटा भात शिजवायचो तसं. शेक येऊन ते मोडतो आणि मला प्रत्येक वेळी आत काहीतरी तुटल्यासारखं होतं. मीटवॉड आणि कार्ल दोघांचाही आवाज डेव्ह विलिसचाच आहे, हे मला कळलं त्या दिवशी मी एक भाग परत लावून डोळे मिटून ऐकला. एकाच गळ्यातून ते तान्हं पोर पण आणि तो खरखरीत माणूस पण.

२०११ पासून दर सीझनला सिरीजचं नाव बदललं, आत काही बदललं नाही, त्यामुळे शोधताना गोंधळू नका. त्या काळातले बरेचसे भाग सोडले तरी चालतील. २०१५ चा शेवट मात्र सोडू नका, पण त्याआधी मीटवॉडबरोबर पुरेसा वेळ घालवलेला असू दे. पुढे २०२२ ला आणखी एक सिनेमा आला आणि २०२३ ला पाच भाग, ते मागाहून.

रात्रपाळी

खारीबटर, हँडबनानाबद्दल मी तुमच्याशी भांडलो असतो पण परवा परत पाहिला आणि मला पण मधेच बंद करावासा वाटला. पहिल्यांदा बघताना मी विशीत होतो.

एडिसनवासी

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल तुमचं सगळं डोक्यात ठेवून २००२ चा तो नाताळच्या भुताचा भाग बघितला, नाव लांबलचक आहे, रोबोट असतो तो आणि हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट सांगायला लागतो ती संपतच नाही, विषय कुठून कुठे जातो, मधेच कोणी काही विचारलं की परत पहिल्यापासून. आधी बघितला असता तर मी कंटाळून फोन हातात घेतला असता. या वेळी मी कार्लकडे बघत बसले. घर रक्ताने माखलंय आणि या माणसाला भूत नकोय, शाप नकोय, त्याला त्याचं घर नीट हवंय बस्स. आणि मग ते घर विकत घ्यायला येतो ग्लेन डॅनझिग, खराखुरा गायक, स्वतःच्याच आवाजात, आणि त्याला तो रक्ताने भरलेला पूलच पसंत पडतो. मी परत उशीत.

वगनाट्यवेडा, मावशीचं मडकं वाचून आईला फोन केला, ती साताऱ्याला असते, तिला मिल्कशेक आणि फ्रेंच फ्राइज काही समजावता आलं नाही पण मावशीवर अर्धा तास बोलली, तिच्या लहानपणी गवळणीतली मावशी करणारा एक माणूस त्यांच्याच आळीत राहायचा म्हणे आणि दिवसा शिवणकाम करायचा.

हँडबनाना वगळते. खारीबटर, मीटवॉडच्या बाहुल्या सगळ्यात जास्त कुठल्या भागात आहेत तेवढं सांगाल का?