हळदीच्या दुकानाची वेबसाइट करायची आहे, बजेट १५ हजार. कुणाकडून करून घ्यावी?

गणपतीपेठ_हळद
नमस्कार मंडळी. सांगलीत गणपती पेठेत आमचं हळद-मसाल्याचं दुकान, आजोबांपासूनचं. पुण्या-मुंबईची गिऱ्हाईकं रोज रात्री व्हॉट्सॲपवर भाव विचारतात. तेच ते टाइप करून अंगठा दुखायला लागलाय. पाच-सहा माल, फोटो, भाव, पत्ता, जमल्यास ऑर्डर, एवढंच पाहिजे. १५ हजाराच्या वर एक रुपया नाही, पासबुक वडील बघतात.

विश्रामबागकर
१५ हजारात काय येतंय हो! मी फर्निचरच्या शोरूमसाठी पुण्याच्या लोकांना ६५ हजार मोजले. साइट उघडल्या उघडल्या ड्रोनचा व्हिडिओ. माणूस बघतच राहतो.

कुपवाड_वर्कशॉप
बघतच राहतो, कारण उघडतच नाही. आत्ता फोनवर लावली, चहा संपला तरी गोल फिरतंय. दादा, तुमची गिऱ्हाईकं मोबाइलवरच बघणार. फोटो कॅमेऱ्यातून आला तसा ४-५ एमबीचा चढवू नका, वेबपी (फोटोचा हलका प्रकार) करून २०० केबीच्या आत आणा. आणि फोन नंबर वरच दिसला पाहिजे, दाबला की लागणारा. तो शोधायला खाली खाली जायला लावू नका.

विश्रामबागकर
तुमचं नेट बघा आधी.

मिरजेची_तार
माझं ऐका, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्या. आमचं सगळं एका पोराच्या नावावर होतं. पोरगं बेंगळुरूला गेलं, नूतनीकरणाचे मेल त्यालाच जायचे. एक दिवस साइट गायब, नाव दुसऱ्यानं घेतलेलं. त्या पत्त्याची दोन हजार व्हिजिटिंग कार्डं पडून आहेत, मागच्या कोऱ्या बाजूला उधारी लिहितो.

तासगावचा_बेदाणा
कशाला साइट? गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. नकाशा, वेळ, फोटो, फोन सगळं त्यात. मी त्याच्यावरच दोन हंगाम काढले.

हरिपूर_रोड
साइटवर गोष्ट सांगा. हरिपूरच्या पेवांचे फोटो टाका. जमिनीच्या पोटात हळद वर्षानुवर्षं टिकायची, हे मुंबईवाल्यांना कुठं माहीत? २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली, जी आहेत त्यांचे तरी काढा.

कुपवाड_वर्कशॉप
गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतंय आणि तुम्ही त्याला पेवात उतरवताय.

हळदीचा_शेतकरी
राजापुरी विकता की सेलम? पेठेत राजापुरी म्हणून काय काय खपवतात ते आम्हाला माहीत आहे.

गणपतीपेठ_हळद
काका, दोन्ही. पाटी वेगवेगळी असते.

हळदीचा_शेतकरी
पाटी वेगळी असते, पोतं एकच असतं.

डीटीपी_ताई
विषयावर या सगळे. मराठी मजकूर युनिकोडमध्येच घ्या, म्हणजे सगळ्या फोनवर अक्षरं नीट दिसतात. माझ्याकडे लोक जुन्या फॉन्टातली पत्रकं घेऊन येतात. ती तशीच चिकटवली की साइटवर नुसती चिन्हं दिसतात. मग मजकुराचं चित्र करून टाकतात आणि शोधात येत नाही म्हणून रडतात. 'सांगलीची राजापुरी हळद' ही अक्षरं पानाच्या शीर्षकात असू द्या. खाद्यपदार्थ आहे, तर एफएसएसएआयचा, म्हणजे अन्न परवान्याचा, १४ अंकी नंबरही टाका. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं खरं, पण तो लोगो लावायला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. उगाच डकवू नका.

मिरजेची_तार
डोमेन स्वतःच्या नावावर घ्या.

तासगावचा_बेदाणा
कार्डानं पैसे घेण्याच्या फंदात पडू नका. गेटवेवाले, म्हणजे मधे राहून कार्डाचे पैसे पोचवणारे, साधारण दोन टक्के कापतात, वर जीएसटी. किलोमागं सुटतंय किती? यूपीआयचा क्यूआर द्या आणि ऑर्डर व्हॉट्सॲपवर घ्या.

विश्रामबागकर
ज्यानं माझी केली त्याचा नंबर देऊ का? ६० पर्यंत आणतो.

गणपतीपेठ_हळद
सगळ्यांचे आभार. ठरलं एकदाचं. डोमेन माझ्या नावावर घेतलं, प्रोफाइलही केलं. साइट भाचा करतोय, कॉलेजात आहे, ८ हजारात. काल वडिलांना कच्ची दाखवली. चष्मा लावून सगळं वाचलं. म्हणाले, वर आधी गणपतीचा फोटो, मग आजोबांचा, मग हळद. आणि भाव काढून टाक. भाव लिहिला की शेजारचा दोन रुपये कमी लिहितो.

कुपवाड_वर्कशॉप
अहो, मग भाव कळणार कसा?

गणपतीपेठ_हळद
खाली लिहिलंय, 'भावासाठी व्हॉट्सॲप करा'.

डीटीपी_ताई
आणि अंगठा?

गणपतीपेठ_हळद
मलम लावतोय.

विश्रामबागकर
बरं, घरात हळद संपलीच आहे. राजापुरी पूड दोन किलो, आज काय भाव?