तपास आणि चौकशी यांत नेमका फरक काय?

रानजाई
पोलीस प्रशिक्षणाची एक पुस्तिका इंग्रजीतून मराठीत आणतेय. त्यात घटनास्थळी सगळ्यात आधी पोचलेल्या पोलिसाने काय करायचं यावर एक प्रकरण आहे. म्हणजे जखमी असेल तर आधी त्याला दवाखान्यात पाठवायचं, जागा दोरी बांधून बंद करायची, आत कोण गेलं बाहेर कोण आलं ते लिहून ठेवायचं, साक्षीदारांना एकत्र बसू द्यायचं नाही कारण ते एकमेकांचं ऐकून आपलं बदलतात, आणि फोटो झाल्याशिवाय वस्तू हलवायची नाही. या सगळ्याला मुळात 'इनिशियल इन्व्हेस्टिगेशन' म्हटलंय, मी 'प्राथमिक तपास' लिहिलं. पुढच्या प्रकरणात 'प्रिलिमिनरी एन्क्वायरी' आलं, तिथेही तेच लिहून पुढे गेले. मजकूर तपासायला एका निवृत्त अधिकाऱ्यांकडे गेला होता, त्यांनी दुसऱ्या जागी लाल पेनाने खोडून 'चौकशी' केलं आणि समासात लिहिलं, 'हे दोन एक नाहीत, पोरं चुकीचं शिकतील.' आपण तर बोलताना गाडीच्या वेळेचीही चौकशी करतो आणि हरवलेल्या माणसाचा तपास लागत नाही असंही म्हणतो. फरक खरंच आहे का, की खात्यातली सवय?

बोरू
मला तरी फरक वाटत नाही. एकाच बातमीत 'प्राथमिक तपासात निष्पन्न झाले' आणि चार ओळी खाली 'चौकशीसाठी ताब्यात घेतले' असतं, आणि दोन्ही त्याच माणसाबद्दल, त्याच दिवशीचं. वाचणाऱ्याला कळतं ना, मग झालं. भाषा वापरणाऱ्याची.

काळा कोट
बोरू, वाचणाऱ्याला कळतं हे खरं पण ज्याच्यावर बेततं त्याला फरक पडतो. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळाली की ती लिहून घ्यायची, गुन्हा नोंदवायचा आणि मग जे सुरू होतं तो तपास. पुरावे गोळा करण्यासाठी पोलीस जे जे करतात ते सगळं त्यात येतं, जागेवर जाणं, पंचनामा, जबाब, झडती, जप्ती, अटक. चौकशी ही त्याच्या आधीची, गुन्हा झालाय असं म्हणायला काही आधार आहे का एवढंच बघण्यासाठी. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी प्रकरणात सांगितलं की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंदवलाच पाहिजे, आधी चौकशी करतो म्हणून थांबायचं नाही, काही ठरावीक प्रकारची प्रकरणं सोडून, जसं की नवराबायकोतले वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी. आता १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी प्रक्रियेचा नवा कायदा, लागू आहे तिच्या कलम १७३ च्या तिसऱ्या पोटकलमात तीन वर्षं किंवा जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी उपअधीक्षकांच्या परवानगीने प्राथमिक चौकशी करता येते, तीही १४ दिवसांत संपवायची. त्यामुळे रानजाईताई, तुमच्या अधिकाऱ्यांनी बरोबरच खोडलंय. पहिलीकडे तपास, दुसरीकडे चौकशी.

एक गोम मात्र सांगतो. त्याच कायद्याच्या व्याख्येत 'इन्क्वायरी' म्हणजे मॅजिस्ट्रेट किंवा कोर्ट जी करतं ती. तिलाही मराठीत चौकशीच म्हणतात. म्हणजे एकाच शब्दावर दोन ओझी आहेत.

खाकीतला
नोकरीत आहे म्हणून नाव नको. आमच्याकडे हे पुस्तकात बघून कोणी बोलत नाही, तोंडातच बसलेलं असतं. 'अर्ज चौकशीवर आहे' आणि 'गुन्हा तपासावर आहे'. उलटं कधीच ऐकलं नाही, गुन्हा चौकशीवर आहे असं नवा शिपाईसुद्धा बोलणार नाही. ज्याच्याकडे गुन्हा दिला तो तपासी अंमलदार, चौकशी अंमलदार नाही. आणि अकस्मात मृत्यू घ्या, कोणी विहिरीत पडलेला सापडला तर आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते, पंच बोलावून प्रेताचा पंचनामा, पोस्टमॉर्टम, नातेवाइकांकडे विचारपूस, तोवर ती चौकशी असते. घातपात आहे असं दिसलं की गुन्हा दाखल आणि त्या मिनिटापासून तपास. माणूस तोच, विहीर तीच, पण कागद बदलला.

अक्षरगंध
दोन्हीच्या भांडणात एक सोपा मार्ग आहे तो कुणी का घेत नाही? 'अन्वेषण' शब्द आहे आपल्याकडे. गुन्हे अन्वेषण विभाग म्हणतोच की. अन्वेषण म्हणजे मागोवा घेत जाणं, किती नेमका शब्द. 'तपास' तर तापवून बघण्यावरून आला असणार, सोनं तापवून पारखतात तसं, तोही आपलाच, पण शास्त्रीय मजकुरात अन्वेषणच शोभेल.

बोरू
तापवण्यावरून हे मला पटत नाही. अरबीत 'तफह्हुस' आहे, शोध घेणं याच अर्थाचा, आणि गुजरातीतही 'तपास' याच अर्थाने आहे. कारभारातले शब्द बघा ना सगळे, फिर्याद फारसी, गुन्हा फारसी, जबाब अरबी, दाखल अरबी, अंमलदारातला अंमल अरबी. या रांगेत एकटा तपासच तेवढा तपश्चर्येतून आला असेल असं मला वाटत नाही. आणि अन्वेषण म्हणाल तर पाटीवर ठीक आहे, पण 'हवालदार अन्वेषणाला गेलेत' असं कोण बोलेल? राष्ट्रीय तपास यंत्रणा आपण म्हणतो, हिंदीत तिलाच अन्वेषण अभिकरण म्हणतात, म्हणजे मराठीने आपला शब्द निवडलाय आधीच.

अक्षरगंध
कोण बोलेल हा निकष लावला तर कुठलाच नवा शब्द रुजला नसता. दिनांक, महापौर हेही कोणी बोलत नव्हतं. सावरकरांनी दिले, लोकांनी घेतले. प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतूनच शब्द रुजतात, कारण तिथे पोरं कोऱ्या पाटीने येतात.

पिंपळपान
शब्द कुठून आला त्यापेक्षा कागदावर कुठला पडतो हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण मी त्यातून गेलेय. काही वर्षांपूर्वी गर्दीत पर्सची चेन उघडून माझा फोन काढला. मी 'चोरीला गेला' म्हणत होते, समोरचा लिहीत होता 'गहाळ झाला'. मी म्हटलं, गहाळ नाही, कोणीतरी काढलाय, चेन मी लावली होती. तो म्हणाला ताई अर्थ एकच आहे, सिमकार्ड मिळवायला हा दाखला चालतो. मी सही केली. नंतर भावाने समजावलं की गहाळ म्हटल्यावर गुन्हाच नाही, गुन्हा नाही म्हणजे तपास नाही, कोणी शोधणारच नव्हतं. त्यात बाबांच्या शेवटच्या दिवसांतले व्हिडिओ होते. एका शब्दाने ते गेले असं मला अजून वाटतं. म्हणून बोरूदादा, वाचणाऱ्याला कळतं ना मग झालं, हे मी मान्य करू शकत नाही.

बोरू
ताई, हे वाचून थांबलो. बातमीच्या भाषेबद्दल माझं मत तेच आहे पण नोंदीच्या भाषेबद्दल मागे घेतो.

काळा कोट
पिंपळपान ताई, तुमच्यासारख्या कुणाला पुढे उपयोग व्हावा म्हणून लिहितो. ठाण्यात खबर नोंदवायला नकार दिला तर तीच खबर लेखी पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो, कलम १७३ च्या चौथ्या पोटकलमात हे आहे. आणि सही करण्याआधी शब्द बदलून मागायचा हक्क आहे, लिहिलेलं वाचून दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. एक प्रत फुकट मिळते.

तिसरा प्रहर
एफआयआरचा विषय निघालाच आहे तर माझी जुनी ठसठस. 'प्रथमदर्शी अहवाल' असं छापलेलं मी कितीदा वाचलंय. प्रथमदर्शनी म्हणजे वरवर पाहता, आणि प्रत्यक्षदर्शी म्हणजे ज्याने डोळ्यांनी पाहिलं तो. या दोन्हीचा एफआयआरशी संबंध नाही, ती पहिली खबर आहे, प्रथम खबर. खबर देणाऱ्याने स्वतः पाहिलेलं असायलाच हवं असं नाही, ऐकून कळलेल्यानेही दिली तरी चालते. आमच्या शेजारच्या आजी एका मारहाणीची खबर द्यायला गेल्याच नाहीत, का तर 'मी प्रथमदर्शी नाही, मला फक्त ओरडणं ऐकू आलं'. चुकीचं भाषांतर माणसाला ठाण्याच्या पायरीवरून परत पाठवतं.

खाकीतला
तसंच जबाब आणि जबानीचं आहे. जबाब म्हणजे उत्तर, जबानी जीभेवरून, तोंडी सांगणं. तपासात आम्ही घेतो त्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत, कायद्यातच तसं आहे, तरी लोक येऊन विचारतात सही कुठे करू, आणि नको म्हटलं की संशय घेतात. पण पंचनाम्यावर पंचांची सही लागते. हा फरक रानजाईताईंनी पुस्तिकेत ठळक करावा, पहिल्याच दिवशी पोरं इथे गोंधळतात.

रानजाई
करते नक्की. पंचनाम्याला मुळात कुठे 'सीन मेमो' आहे कुठे 'स्पॉट रिपोर्ट', मी सगळीकडे घटनास्थळ पंचनामा केलंय. अक्षरगंध, तुम्ही इथेही दुसरा शब्द सुचवाल का?

अक्षरगंध
'स्थळपाहणी लेख' म्हणेन. नामा फारसी आहे म्हणून नाही फक्त. पीक गेलं तरी पंचनामा, झाड पडलं तरी पंचनामा, टीकेतसुद्धा कुणाच्या कारभाराचा पंचनामा. शब्द इतका पसरला की त्यातले पंच कुणाला दिसत नाहीत.

तिसरा प्रहर
पंच दिसत नाहीत हे मनाला लागलं. माझे मामा पंच होते एका जप्तीला. रस्त्याने चालले होते, साहेबांनी बोलावलं, गेले. कोर्टात उभं राहिल्यावर त्यांनी जे झालं ते सांगितलं, की वस्तू माझ्यासमोर निघाली नाही, ती टेबलावर आधीच होती, मजकूर लिहून तयार होता, मी सही केली. दुसऱ्या दिवशी बातमी, 'पंच फितूर'. फितूर म्हणजे शत्रूला जाऊन मिळालेला. गावात लोक त्यांना विचारायला लागले किती पैसे घेतले.

काळा कोट
साक्षीदार आपल्याच बाजूविरुद्ध बोलला तर त्याला आणणाऱ्या पक्षाला उलटतपासणीसारखे प्रश्न विचारायची परवानगी कोर्ट देतं, पण पुरावा कायद्याच्या त्या कलमात फितूर सोडाच, 'हॉस्टाइल' (विरोधी) हा इंग्रजी शब्दही नाही. तो वापराने चिकटलाय.

बोरू
मग 'उलटलेला साक्षीदार'?

तिसरा प्रहर
ते उलटले कुठे होते, पहिल्यांदाच कोणीतरी त्यांना विचारलं होतं.

अक्षरगंध
'असहमत साक्षीदार' चालेल का? विचार करतोय. मामांना विचारून बघा, त्यांना काय म्हटलेलं चाललं असतं.

तिसरा प्रहर
मामा २०१९ मध्ये गेले. ते स्वतः एवढंच म्हणायचे, 'मी पंच होतो'.