टीबीच्या पेशंटला सोलापूरहून विमानाने मुंबईला न्यायचं का?

जुळे_सोलापूरकर: बाबांना औषधांना दाद न देणारा टीबी आहे. थुंकीत अजून जंतू येतात, बसल्या जागी ऑक्सिजन ९१. मुंबईला दाखवायचंय. धाकटा म्हणतो, होटगी रोडवरून विमानात बसवू, मास्क लावला की झालं. चालेल का ओ?

आण्णा_रिटायर्ड: नाही. वायुसेनेत वैद्यकीय सहाय्यक होतो, म्हणून सांगतो. थुंकीत जंतू असेपर्यंत प्रवासी विमान नकोच. तुमचा भाऊ ८ तासांच्या विमानप्रवासाचा नियम सांगेल. तो लागण झाली का बघायला नंतर आजूबाजूच्या सीटवाल्यांना शोधायचा नियम आहे, कमी वेळ असला की बसा, असं त्यात नाही. शिवाय वर गेल्यावर केबिनमधली हवा ६-८ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी विरळ. इथले ९१ तिथं किती उतरतील?

अशा पेशंटसाठी वेगळी पेटी असते. २०२० मध्ये वायुसेनेने ‘अर्पित’ बनवली. पारदर्शक, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी, म्हणजे फट पडली तरी हवा आत ओढली जाते. बाहेर पडणारी हवा जंतू अडवणाऱ्या हेपा फिल्टरमधून. ऐकायला सोपं. पण सगळं काम पेटीला लावलेल्या लांब हातमोज्यांतून करायचं, आणि त्यात शीर सापडत नाही! सलाईन, नळी, जे काय ते जमिनीवरच. श्वासासाठी घशात घातलेल्या नळीचा फुगा विमान वर गेलं की फुगतो, त्याचा दाब सारखा बघावा लागतो. २०१४ ला इबोलाचे दोन पेशंट लायबेरियातून अटलांटाला नेले, तेव्हा विमानातल्या तंबूत एकच मावायचा. दुसऱ्यासाठी तेच विमान परत गेलं.

जुळे_सोलापूरकर: मग ॲम्ब्युलन्स?

आण्णा_रिटायर्ड: हो. खिडक्या उघड्या, एसी बंद, ड्रायव्हरच्या मागची काच घट्ट. बाबांना साधा सर्जिकल मास्क, तुम्हाला एन-९५. उलटं करू नका, लोक हटकून उलटंच करतात. ऑक्सिजन किती लावायचा ते डॉक्टर ठरवतील. २ लिटर म्हणाले तर ८ तासांचे ९६० लिटर होतात. बी सिलिंडरमध्ये दीड हजार बसतं, तरी दुसरा घ्याच, घाटात ट्रॅफिक असतं.

सिस्टर_अक्कलकोट_रोड: आधी इथल्या टीबी सेंटरमधून चिठ्ठी घ्या आणि मुंबईला फोन करून ठेवा. नाहीतर ओपीडीच्या रांगेत चार तास बसवतील, मग बाकीच्यांचं काय?

आण्णा_रिटायर्ड: बरोबर. आणि मोडनिंबला चहा प्यायला हॉटेलात नेऊ नका, गाडीतच द्या.

जुळे_सोलापूरकर: मोडनिंबचं सोडा ओ. भिगवणला मासे खाल्ल्याशिवाय बाबा पुढं हलत नाहीत, ते कसं समजवायचं ते सांगा.