जाळरेषा झाडताना ब्लोअर अर्ध्या तासात दम सोडतो

रानवाट:
6 मीटर रुंद, 4 किमी लांब जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून जंगलात साफ ठेवलेला पट्टा), निम्मी उतारावर. साग आणि मिश्र झाडोरा. पाचोळा हवेने उडवणारा पाठीवरचा टू-स्ट्रोक ब्लोअर अर्ध्या तासाने बसतो, थोडा थांबवला की परत ठीक. कार्बोरेटर साफ केला, फरक नाही. गवतातला पाचोळा तर हलतच नाही.

पानगळ:
थांबल्यावर ठीक होतो, म्हणजे आधी टाकीचं झाकण बघा. त्यातलं हवेचं छिद्र बुजलं की पेट्रोल संपत जाईल तशी टाकीत पोकळी होते आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. दम सुटला की मशीन बंद करा, निवू द्या, झाकण हळूच सैल करा. हवा आत ओढल्याचा ‘फुस्स’ आवाज आला तर दुखणं तेच. झाकण ढिलं ठेवून मात्र चालवू नका, पाठीवर पेट्रोल सांडेल.

काजळी:
आवाजाकडेही कान द्या. आवाज चढला पण हवा कमी, तर पंख्याच्या जाळीला पानं चिकटलीत. आवाजच बसला तर एअर फिल्टर, नाहीतर सायलेन्सरमधली ठिणग्या अडवणारी जाळी काजळीने भरलीय. ती घासून परत बसवा. काढून चालवणं म्हणजे पाचोळ्यात काडी टाकणं. पेट्रोलमध्ये मिसळायचं तेल 50:1 चं असेल तर लिटरभर पेट्रोलला 20 मिली, ‘इंजिनाला बरं’ म्हणून जास्त ओतू नका.

बांधावरून:
गवत ब्लोअरने जात नाही. आधी ब्रशकटरने कापा. दगडाळ जागी लोखंडी पातं नको, ठिणगी पडते. तिथे नायलॉन दोरी लावा, जाड खुंट कोयत्याने.
दव सुकल्यावर, वारा वाढायच्या आत झाडा. चपटं तोंड लावा, जमिनीपासून वीतभर, जवळजवळ आडवं धरा. मागे एक जण दाताळं घेऊन हवाच; खालचा कुजका थर हवेला दाद देत नाही.
उतारावर पाचोळा खालच्या बाजूलाच ढकलला जातो, आणि बहुतेक आगही खालूनच चढते. तिथे पानांचा बांध राहिला तर ज्वाळा उंच उठून ठिणग्या रेषा ओलांडतात. म्हणून तो रेषेबाहेर, जंगलात आत पातळ पसरवा.
सागाची पानगळ संपेपर्यंत फेऱ्या चालूच ठेवाव्या लागतात.

रानवाट:
‘फुस्स’ झालं! छिद्रात तेलकट माती होती. पेट्रोल रेषेवरच भरलं तर चालेल?

काजळी:
उघड्या मातीवर, इंजिन गार झाल्यावर. आणि भरल्या जागेपासून किमान 3 मीटर लांब जाऊन मगच चालू करा.