रोम सोडताना जर्मनांनी पूल का उडवले नाहीत?

चौकसराव
ऑगस्ट १९४४ मध्ये फ्लॉरेन्समधून मागे हटताना जर्मनांनी आर्नोवरचे सगळे पूल उडवले, एक पोन्ते वेक्यो तेवढा ठेवला. पण त्याआधी दोनच महिने रोम सोडलं, तेव्हा टायबरवरच्या पुलांना धक्काही लागला नाही. पोपमुळे? की घाईत राहून गेलं?

जुनी_बखर
घाई होतीच, पण राहून गेलं नाही. रोममध्ये लढायचं नाही हे इटलीतला जर्मन सेनापती केसेलरिंग याचं ठरलं होतं आणि हिटलरचीही संमती होती. व्हॅटिकन, प्राचीन वास्तू, जगभर होणारी छी-थू, सगळा हिशोब त्यात आला.

मात्र यावरून ‘जर्मन रोमशी सभ्यपणे वागले’ असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. ८ सप्टेंबर १९४३ ला इटलीचा दोस्त राष्ट्रांशी युद्धविराम जाहीर झाला आणि दुसऱ्याच दिवशी राजा आणि पंतप्रधान बादोल्यो राजधानी वाऱ्यावर सोडून पळाले. पोर्ता सान पाओलोपाशी सैनिक आणि साधी माणसं लढली खरी, पण शहर जर्मनांच्या हाती गेलं. महिनाअखेरीस एसएसच्या (नाझींच्या निमलष्करी दलाच्या) काप्लरनं तिथल्या ज्यूंकडे ५० किलो सोनं मागितलं, मुदत ३६ तास. लोकांनी अंगठ्या, साखळ्या आणून ते भरलं. ख्रिस्ती शेजाऱ्यांनीही हातभार लावला. तरी १६ ऑक्टोबरला पहाटे धरपकड झालीच. हजारावर माणसं आउशवित्झला गेली, जिवंत परतली १६.

मार्चमध्ये व्हिया राझेल्लातल्या प्रतिकारकांच्या बॉम्बहल्ल्यात जर्मनांचे ३३ पोलीस मेले. बदला म्हणून एकाला दहा या दरानं ३३० व्हायला हवेत ना? आर्देआतीनच्या खाणीत ३३५ मारले. पाच चुकून जादा आणले होते. बाहेर बोलतील म्हणून त्यांनाही संपवलं.

आणि पूल राखले त्याच ४ जूनला, शहराबाहेर ला स्तोर्तापाशी १४ कैद्यांना गोळ्या घातल्या. त्यात कामगार पुढारी ब्रूनो बुओझ्झी होते. दगड वाचवायचा हुकूम निघाला होता, माणसांचा नाही.

रणगाडा_४४
बखरकाका, जर्मनांना निसटायला वाट मिळाली ती अमेरिकी जनरल मार्क क्लार्कमुळे, हेही लिहा की! त्याचा वरिष्ठ, ब्रिटिश सेनापती अलेक्झांडरची योजना व्हाल्मोन्तोनेला रस्ता अडवून जर्मन दहावी सेना कोंडायची होती. क्लार्कनं २५ मे रोजी बहुतेक फौज रोमकडे वळवली, कारण राजधानीत पहिलं पाऊल त्याला स्वतःच्या पाचव्या सेनेचं हवं होतं. मिरवून झालं जेमतेम दोन दिवस. ६ जूनला दोस्त फौजा फ्रान्समध्ये नॉर्मंडीला उतरल्या, मग रोमची बातमी कोण वाचतो!

चौकसराव
आणि फ्लॉरेन्स? तिथे काय कमी कलाकृती होत्या?

जुनी_बखर
कमी नव्हत्या. पण तिथे जर्मन आर्नोच्या आधारानं थांबून लढत होते. उत्तरेला गॉथिक लाइनची तटबंदी अजून अपुरी होती, तिच्यासाठी वेळ हवा होता. पोन्ते वेक्यो ठेवला, पण त्याच्या दोन्ही टोकांची जुनी घरं पाडून वाट बुजवली. म्हणजे पूल उभा, वापर शून्य.

रणगाडा, क्लार्कबद्दल शंभर टक्के सहमत.