एफ-२५० की एफ-३५०? आधी पुढचा अ‍ॅक्सल बघा

भाऊ, १९९६ ची फोर्डची एफ-२५० पिकअप आणि त्याच सालची एफ-३५०, दोन्ही फोर बाय फोर, इंजिनही तेच, मग स्वस्तातली का घेऊ नये असं विचारलंत, तर खरा फरक पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये आहे. एफ-२५० ला ट्विन ट्रॅक्शन बीम येतो, म्हणजे अख्खा दांडा नाही, दोन तुकडे मध्ये पिव्होट होतात, खराब रस्त्यावर गाडी मऊ चालते पण तुम्ही पुढे बर्फाचा प्लाऊ, म्हणजे बर्फ ढकलायचं पातं लावणार म्हणताय, पुढे वजन आलं की स्प्रिंग दबते, कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, बदलतो आणि टायर एका कडेने खातो, अलाइनमेंट टिकवणं ही कटकटच. एफ-३५० ला सरळ डेना ६० अ‍ॅक्सल, सलग बीम, कॅम्बर जागचा हलत नाही. मी तरी जास्त पैसे टाकून तीच घेईन. हो, बसल्यावर दणके बसणार, त्याला इलाज नाही.

शेव्ही (शेवरले पिकअप) १९८८ नंतरची असेल तर पुढे टॉर्शन बारवालं (पिळला जाणारा दांडाच स्प्रिंगचं काम करतो) इंडिपेंडंट सस्पेन्शन, म्हणजे दोन्ही चाकं आपापली हलतात, हायवेला मस्त, पण स्टिअरिंगच्या जोडणीला आधार देणारा आयडलर आर्म नक्की तपासा.

आणि बघायला जाल तेव्हा पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली धरून हलवा, खडखड आली तर बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा सांधा) किंवा बेअरिंग गेलंय समजा, पुढचे हब लॉक करून, म्हणजे चाकं अ‍ॅक्सलला जोडून, फोर-व्हीलमध्ये थोडी चालवून बघा, आणि मिशिगन-ओहायोकडची गाडी असेल तर स्प्रिंग चासीला धरणारे हँगर स्क्रूड्रायव्हरने टोचून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, बर्फासाठी रस्त्यावर टाकलेल्या मिठाने आतून पोखरलेले असतात.